धार्मिक धिंड

मी मुळात गाढवाच्या वाटेला जाणारा माणूस नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भोरात अजूनही काही लोकांची समजूत आहे की ती कल्पना माझी होती. कल्पना पाळकसाहेबांची होती. माझं एवढंच चुकलं की बैठकीत मी दाराजवळ बसलो होतो आणि वेळेवर उठून गेलो नाही.

त्या साली शिमगा आणि पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, एकाच आठवड्यात आले होते. गावात पोरं होळीसाठी लाकडं पळवत हिंडत होती, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपास, प्रार्थना, गायनाच्या तालमी आणि भांडणं एकदमच रंगात आली होती. आमची मंडळी ती केवढी, सगळी मिळून आवारातल्या जांभळाखाली बसली तरी सावली उरायची. पण कार्यक्रम पुण्याच्या मोठ्या देवळाएवढे. मी मिशनच्या शाळेत मास्तर आणि राहायला देवळाच्याच आवारात, त्यामुळे घंटा वाजवण्यापासून चुन्याची डबडी आणण्यापर्यंत जे काम कुणाचंच नसतं ते माझं असतं. घरात बायकोनं, म्हणजे अंबूनं, नेमक्या त्याच महिन्यात भिंती सारवायला, गाद्या उसवायला आणि कुरडया घालायला काढल्या होत्या. बसायला जागा नव्हती. वार्षिक परीक्षेचे पेपर मी खिडकीशी उभा राहून तपासत होतो, आणि त्यातले दोन कुरडयांच्या चिकाला चिकटून उन्हात वाळले.

पाळकसाहेब नवे, नगरकडचे, तरुण आणि उत्साही. त्यांनी पंचांची बैठक बोलावली. "झावळ्यांच्या रविवारी आपण नुसती देवळाला फेरी घालतो. यंदा प्रभूच्या यरुशलेमप्रवेशाची मिरवणूक गावातून काढू. हातात झावळ्या, तोंडी गीतं आणि पुढे गाढव," ते म्हणाले. आम्ही सगळे आमेन म्हणालो. आमेन म्हणायची सवय फार वाईट. मनुष्य ऐकायच्या आधी कबूल होऊन बसतो. गाढवावर कोण बसणार, हे त्यांनी आमेननंतर विचारलं.

आता आमच्याकडची रीत नगरला ठाऊक नसेल असं नाही, पण पाळकसाहेब विसरले असावेत. आमच्या भागात गाढवावर माणूस बसत नाही. बसवला जातो. कुणी चोरी केली, कुणी नको तिथं सापडला, म्हणजे त्याला गाढवावर उलटं बसवून, थाळ्या बडवत गावभर फिरवतात. त्याला धिंड म्हणतात. धिंड निघालेल्या माणसाची नातवंडंसुद्धा त्या नावानं ओळखली जातात. त्यात शिमग्याचे दिवस. धुळवडीला एखाद्या गरीब जावयाला पकडून गाढवावर घालायची तर पोरांना हौसच.

कंपाउंडरचा गुडघा दुखू लागला. सुतारमेस्त्रींना आठवलं की त्या दिवशी त्यांना सासवडला जायचं आहे. पाळकसाहेब म्हणाले, "बंधूंनो, प्रत्यक्ष प्रभू बसला."

"बसला, पण यरुशलेमात," मेस्त्री म्हणाले. "भोरात बसायची पाळी आली असती तर त्यानंही विचार केला असता."

मी हसलो. हसायला नको होतं. पाळकसाहेबांची नजर आवाजाच्या दिशेनं फिरली आणि दाराजवळ मी होतो. "तूर्त कुंडलिकरावांचं नाव धरू," ते म्हणाले, आणि बाकीचे सगळे इतक्या जोरात आमेन म्हणाले की जांभळावरचे कावळे उडाले.

माझ्या अब्रूचं काय व्हायचं ते होवो, असं मी एक वेळ म्हटलं असतं. (म्हटलं नसतं, पण समजा.) खरी पंचाईत निराळीच होती. ती माझ्या ओसरीवर घोंगडी टाकून बसली होती.

अंबूचे वडील सोनबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, हिर्डोशीच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतात. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा अंबू पाळण्यात होती. वाडीनं त्यांना गाढवावर उलटं बसवलं, शेपूट हातात दिली आणि परात बडवत शिवेपर्यंत नेलं. पुढं वाडी निवळली. आज त्याच वाडीत बांधाचा तंटा आबांशिवाय मिटत नाही, आणि ज्यानं परात बडवली तो म्हातारा संध्याकाळी आबांच्याच चंचीतला तंबाखू खातो. पण आबांनी त्या दिवसाबद्दल कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. अंबूला ते आईकडून कळलं. आमचं लग्न झालं तेव्हा तिनं मला पहिली अट घातली ती ही, की आबा घरात असताना गाढव हा शब्द उच्चारायचा नाही.

मी पेशानं मास्तर. तो एक शब्द काढून घेतल्यावर मास्तराकडे शिकवायला राहतं काय? पण मी पाळलं. आमची धाकटी करुणा अक्षरं शिकत होती. तिच्या पुस्तकात ग गाढवाचा होता, घरी ग गवताचा. आबांना वाचता येत नाही, म्हणून ते आले की अंबू त्यांना रोज शास्त्र वाचून दाखवते. प्रभूचा यरुशलेमप्रवेश आला की ती न अडखळता 'घोड्यावर बसून' असं वाचते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घसा खाकरला होता. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की घसा आपोआप साफ झाला. एरवी आबा उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी यायचे, झावळ्यांचा रविवार उलटून गेलेला असायचा, आणि सगळं निभायचं. त्या साली नातीची आठवण झाली म्हणून पंधरवडाभर आधीच डोंगर उतरून चालत आले, बरोबर नाचणीच्या पिठाचं गाठोडं.

बैठकीची हकीकत ऐकून अंबूनं हातातली परात खाली ठेवली. "आबांच्या पुढ्यात ते जनावर आलं तर मी माहेरी निघून जाईन."

"माहेर ओसरीवर बसलंय," मी म्हणालो.

"तर मग तुम्ही जा," ती म्हणाली.

मी पाळकसाहेबांकडे सुटका मागायला गेलो. पण आबांची गोष्ट सांगायची तर ती आबांची होती, माझी नव्हती, आणि ती सोडून दुसरं कारण मला सुचेना. "मला सर्दी आहे," एवढं बोलून मी परत आलो.

शेजारी नारोपंत राहतात, कचेरीतून पेन्शन घेतलेले कारकून. त्यांना सल्ल्यासाठी विचारावं लागत नाही. ते कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, घोडा घ्या. ओळखीनं मिळवून देतो."

"शास्त्रात घोडा नाही."

"मग बैल घ्या, नंदी म्हणून खपेल. अहो, आमच्याकडे उंदरापासून रेड्यापर्यंत सगळी वाहनं आहेत, पण गाढव एकट्या शीतळेचं. गाढवाची मिरवणूक बघून लोकांना वाटेल देवीची साथ आली. सगळा गाव टोचून घ्यायला धावेल." मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि परवान्याशिवाय काढू नका. सणाचे दिवस आहेत."

परवान्यासाठी मी कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं माझा अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मिरवणुकीला वाहन काय काय चालतं ते ठरलेलं आहे. हत्ती, घोडा, पालखी, रथ. गाढव आलं की ती धिंड. धिंडीला हुकूम लागतो. गुन्हा काय?"

"गुन्हा नाही."

"गुन्हा नाही तर धिंड कशाची?"

"आनंदाची," मी म्हणालो.

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इसम कोण?"

"अजून ठरलेलं नाही."

"म्हणजे आरोपी फरार आहे?"

तीन हेलपाटे झाले. चौथ्या खेपेला तो स्वतःच कंटाळला आणि त्यानं लिहून दिलं: धिंड, धार्मिक. इसम, मिशनचे मास्तर, तूर्त. हा कागद मी खिशात घालून बाजारातून घरी आलो तेव्हा भाजीवालीपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. तिनं कोथिंबीर फुकट दिली आणि म्हणाली, "असतंय मास्तर, माणूस हाय, चुकतंय." माझी काय चूक झाली हे मी तिला विचारलं नाही. तिनं सांगितलं असतं.

मग झावळ्या. नारळ आमच्याकडे देवापुढे फोडण्यापुरता येतो, त्याचं झाड नाही. नीरेच्या काठानं सारोळ्याकडे शिंदीची झाडं आहेत, म्हणून मी भोरला येणाऱ्या एका भोंगवलीकराची बैलगाडी ठरवली आणि झावळ्या तोडून भरल्या. नाक्यावर शिपायानं गाडी अडवली.

"काय हाय गाडीत?"

"शिंदी," मी सरळ मनानं सांगितलं.

आता शिंदी म्हणजे झाड, आणि शिंदी म्हणजे त्या झाडातून निघते तीही. दारूबंदीवर दर महिन्याला व्याख्यान देणारा मी, पण त्या क्षणी हे ध्यानात आलं नाही. शिपाई खूश झाला. "मास्तर, तुमी? आन् भर दिवसा?" त्यानं सगळ्या झावळ्या उतरवल्या, एकेक हुंगली, गाडीच्या तळाशी मडकं शोधलं. मडकं निघालं, गाडीवानाच्या ताकाचं. तेही त्यानं पिऊन खात्री करून घेतली. तोवर नाक्यावर माणसं जमली. दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर कुणीतरी शिंदीचं झाड काढलं होतं, खाली मी. चित्र चांगलं होतं, मुलगा कोण ते कळलं असतं तर चित्रकलेत वर काढला असता आणि वर्तनात खाली.

या धावपळीत माझं जेवणावरून लक्ष उडालं होतं. बसलो तरी पाय हलायचे. आबा ओसरीवरून हे सगळं बघत. एकदा म्हणाले, "मास्तर, लई वडाताण चाललीय तुमची. कशाचं काम निगालंय?"

"सणाचं," मी म्हणालो.

"मला सांगा की. म्या रिकामाच हाय."

या माणसापासून मी काय लपवतोय, या विचारानं मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांना जांभळाखालचा पाला झाडायला सांगितलं.

गाढव भिमा कुंभाराचं. त्यानं शिंगरू द्यायचं कबूल केलं, पण म्हणाला, "त्ये आयबिगर एक पाऊल टाकायचं न्हाई. दोगं न्या." पाळकसाहेबांना आनंद झाला, शास्त्रातही दोन आहेत म्हणे. मला एकाचंच ओझं झालं होतं, आता जोडी झाली. रविवारी पहाटेच त्याला भट्टीवर जायचं होतं, म्हणून त्यानं शनिवारी संध्याकाळीच मायलेकरं आणून देवळामागं बांधली. देवळाची मागची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत यांत एक बोळ आहे, बाकी काही नाही.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो आणि गाढवी ओरडली. करुणानं तोंड उघडलं. अंबूनं त्यात भाकरीचा तुकडा कोंबला.

"काय वो त्ये?" आबांनी विचारलं.

"गायनाची तालीम, आबा," अंबू म्हणाली. "कंपाउंडर मोठ्या आवाजात गातात."

गाढवी पुन्हा ओरडली, आणि या खेपेला शिंगरानं साथ धरली. आबा घास हातात धरून ऐकत राहिले. "आवाज वळकीचा वाटतुया," ते म्हणाले. त्यांनी उरलेली भाकरी परत टोपलीत ठेवली. अंबूनं ते पाहिलं, मीही पाहिलं.

रविवारी सकाळी बेत असा होता: अंबूनं आबांना करुणासह घरात ठेवायचं, उपासना उशिरा आहे असं सांगायचं, आणि मिरवणूक मागच्या फाटकानं निघून गावात जायची. मी पांढरा लांब कोट घातला, रुमाल बांधला आणि मागच्या फाटकाशी गेलो. तिथं सगळी मंडळी झावळ्या घेऊन उभी होती. फाटकाबाहेर सगळा गावही उभा होता. भाजीवाली होती, नाक्यावरचा शिपाई होता, माझी चौथी इयत्ता यच्चयावत हजर होती, जी वर्गात कधीही इतकी हजर नसते. होळीची पोरं हलगी घेऊन आली होती. नारोपंत कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, डावा पाय आधी."

पाळकसाहेबांनी गाढवीच्या पाठीवर मंडळीची जाजम घातली. शिंगरू फारच लहान निघालं, माझ्या बुटांएवढंही त्याचं वजन नसावं, म्हणून बसायचं ते आईवर, असं ठरलं. मी पाय उचलला. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "कुनाची धिंड हाय रं?" आणि हलगी सुरू झाली.

हलगी मागच्या बोळातून घरात ऐकू जाते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आत आबांनी नातीला विचारलं, बाहेर काय आहे. अंबू चुलीशी होती. करुणानं आधी दाराकडे पाहिलं, मग खरं ते सांगितलं. "आजोबा, ग गाढवाचा. बाबा बसणारेत."

मी एक पाय हवेत आणि दोन्ही हात गाढवीच्या मानेवर अशा अवस्थेत असताना गर्दी दुभंगली आणि आबा आले. डोक्याला मुंडासं नव्हतं. मागून अंबू पळत येत होती, हाताला पीठ. हलगी आपोआप थांबली, कारण आबांचा चेहरा पाहून कुणालाही वाजवायचं सुचलं नसतं.

आबा माझ्यापाशी आले. माझा पाय अजून हवेतच होता. "मास्तर," ते हळू म्हणाले, "काय केलंत तुमी? कशापायी बसवत्यात तुमाला? म्या बोलतो त्यांच्याशी. उतरा, म्या हाय."

त्यांना वाटलं होतं की मला शिक्षा होते आहे. ज्या माणसाला त्या जनावराचा शब्द नको होता, तो माझ्यासाठी त्याच्या अंगाला अंग लावून उभा होता.

"शिक्षा नाही हो, आबा," पाळकसाहेब पुढं आले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "आज आनंदाचा दिवस. प्रभू यरुशलेमात आला ना, त्याची ही आठवण. प्रभू गाढवावर बसला होता, म्हणून."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कोन बसला व्हता?"

"प्रभू."

"ह्याच्यावर?"

"याच जनावरावर. राजा असून. लोक झावळ्या घेऊन भोवती उभे."

आबांनी मान वळवली. "अंबू, तू तर घोडं म्हनाली व्हतीस."

अंबू खाली बघत होती. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, आबा."

"इतकी वर्सं?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पिठाच्या हातांनी ते पुसल्यानं तोंडभर पीठ झालं होतं. आबा पुन्हा पाळकसाहेबांकडे वळले.

"उलटा बसला व्हता का सुलटा?"

पाळकसाहेब मोठ्या शाळेत धर्मशास्त्र शिकलेले. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ते म्हणाले, "लिहिलेलं नाही. पण सुलटाच असणार."

"मला उलटा बसवला व्हता," आबा म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि कुणी हसलं नाही. "मला वाटायचं, देवाचं नाव घेतल्यावर ह्ये काय नशिबी आलं, दुसऱ्या कुनाला आलं नसंल. त्यो आधीच बसून गेल्याला, आन् मला कुनी सांगतच न्हाई." त्यांनी माझा हवेतला पाय धरून जमिनीवर ठेवला. "व्हा बाजूला, मास्तर. तुमाला जमायचं न्हाई. मला सवय हाय."

ते बसले. सरळ, पुढं तोंड करून, दोन्ही हातांनी आयाळ धरून. मी आजवर भोरातल्या बऱ्याच मिरवणुका पाहिल्यात, पण एवढ्या ताठ मानेनं बसलेला माणूस पाहिला नाही. मंडळीनं गीत धरलं. हलगीच्या पोरांना राहवेना, त्यांनी गीताला हलगी धरली, आणि आश्चर्य म्हणजे तालमीत कधी जमला नव्हता तो ताल त्या दिवशी जमला. मी झावळी घेऊन मागे चालत होतो. माझी अब्रू सुखरूप होती आणि मला तिची आठवणही राहिली नव्हती.

बाजारात पोचल्यावर गाढवीनं वळण घेतलं. आमचा रस्ता देवळाकडे होता, तिचा रोजचा रस्ता भट्टीकडे होता. पाळकसाहेबांनी जाजम ओढून पाहिली, शिपायानं हुकूम देऊन पाहिला. ती गेली, मागून शिंगरू, मागून मंडळी, मागून गाव. उपासना त्या वर्षी विटांच्या भट्टीपाशी झाली. भिमा कुंभार शेवटपर्यंत डोक्यावरचं पागोटं काढून उभा होता, आपल्या गाढवांनी काही गुन्हा केला असावा अशा चेहऱ्यानं.

वाटेत सगळ्यांनी विचारलं, कुणाची धिंड? मी खिशातला परवाना काढायला जायचो, पण आबाच उत्तर द्यायचे. "माजी. दुसरी. अवंदा सुलटी हाय."

संध्याकाळी ओसरीवर अंबू शास्त्र घेऊन बसली. आबा म्हणाले, "त्ये सकाळचं वाच. गाळू नगंस." ती वाचू लागली. करुणा मांडीवर बसून बोटानं ओळ धरत होती. त्या शब्दापाशी आल्यावर अंबू अडली. तिची जीभ वळेना. मी घसा खाकरला नाही.

"गाढव," आबा म्हणाले. "म्हन की, पोरी."